बटणचं पथ्य

२ मार्च

या घरात माझ्याखेरीज दोन जीव राहतात. एक ऐकून घेतो पण बोलत नाही. दुसरा खाजवतो. तेव्हा तक्रार करायची तर कागदाशीच.

पहिला माझा धाकटा भाऊ. जन्मभर चष्म्याच्या दुकानात काचा घासत बसला, त्यामुळे असेल, समोरचं माणूस बोलायला लागलं की डोळे बारीक करून बघत राहतो. जणू माझाच नंबर काढतोय. गेल्या वर्षाच्या अखेरीला भावजय गेली आणि मीच त्याला म्हटलं, एकटा काय राहतोस, इकडे ये. तो आला. दोन सुटकेसा, तिचा एक जुना कोट आणि हा दुसरा जीव घेऊन.

दुसरा जीव म्हणजे बटण. तपकिरी, आखूड केसांचा, वाटोळ्या काळ्या नाकाचा कुत्रा. भावजय शिवणकाम करायची, नाव तिनेच ठेवलेलं. तेवढं सोडलं तर त्याच्यात नेटकं असं काही नाही.

आज त्याने कान इतक्या जोरात झटकला की बैठकीच्या भिंतीवर रक्ताचे थेंब उडाले. भिंत नुकतीच रंगवून घेतली होती. पंजे चावून चावून बोटांच्या मधली कातडी सोलून निघाली आहे. पोटावर लाल चट्टे. आणि वास! ओलं गोणपाट बंद कपाटात विसरून जावं, तसा.

"तिकडे असताना एवढं नव्हतं," धाकटा म्हणाला.

"म्हणजे माझ्या घराचा दोष?"

"तसं नाही म्हटलं, ताई."

"तसंच म्हटलंस."

मग मी सांगून टाकलं. मे संपेपर्यंत हा बरा झाला तर ठीक, नाहीतर भाच्याकडे. भाचा म्हणजे ह्याचाच मुलगा. गावाबाहेर कोंबड्या पाळतो, जागा मोठी आहे, कुत्रा बांधायला खुंटाही आहे. धाकटा म्हणाला, "बरं." मग ओलं फडकं आणून थेंब पुसायला लागला.

माणसाने निदान भांडावं तरी!

५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणजे एक पोरगी आहे, केसांना पेन्सिल खोचलेली. मला पाहताच म्हणाली, "बसा आजी." मी उभीच राहिले.

पहिला प्रश्न काय, तर पिसवा आहेत का!

"माझ्या घरात?" मी विचारलं.

"घरात नाही हो, कुत्र्यावर."

"कुत्रा माझ्या घरात आहे."

तिने बारीक दातांची फणी त्याच्या पाठीवरून फिरवली, पडलेले काळे कण ओल्या कापसावर घेतले. पिसवांची घाण असेल तर म्हणे कापूस तांबूस होतो. झाला नाही. मी तिच्याकडे बघितलं. तरीही मानेवर पिसवांचं औषध सोडलंच, "एक शंका कमी झालेली बरी" म्हणून. मग कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली. खरजेचे किडे नाहीत. कानात आणि पंजांत बुरशी माजली आहे, वास तिचाच. पण बुरशी हे मूळ नव्हे, म्हणाली. मुळात कशाची तरी ॲलर्जी आहे, त्याने खाज सुटते, तो चाटतो, ओलसर राहतं आणि मग बुरशी. पंजे, कान, पोट, काखा, बरोबर याच जागा असतात. हवेतलं काही असेल, नाहीतर खाण्यातलं. रक्त तपासून खाण्यातलं नीट कळत नाही. त्याला एकच रस्ता.

तो रस्ता असा: खाज थांबायच्या गोळ्या पंधरा दिवस, आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, आणि आजपासून आठ आठवडे त्याने पूर्वी कधीही न खाल्लेला एकच मासा आणि उकडलेलं रताळं.

"बाकी काही नाही. बिस्कीट नाही, दूध नाही, मटणाच्या चवीची गोळी नाही, खाली सांडलेलं नाही. एक घास इकडचातिकडचा गेला की सगळं पहिल्यापासून. आणि आजी, घरात कोणीतरी गुपचूप देतंच. प्रत्येक घरात एक असतो."

मी आणि तिने, दोघींनी एकाच वेळी धाकट्याकडे बघितलं.

गळ्यात घालायला प्लॅस्टिकचं नरसाळंही दिलं. त्यात त्याचं तोंड इतकं अपमानित दिसतं, की आज प्रथमच मला त्याच्याबद्दल थोडं काही वाटलं. फार नाही.

६ मार्च

सकाळचा तेवढा एक वेळ माझा. शिळा पाव दुधात भिजवते, कुस्करते आणि मागच्या अंगणातल्या ठेंगण्या कट्ट्यावर चिमण्यांना ठेवते. कॉन्व्हेंटच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर असंच करायची. कोरडा पाव पाखरांच्या घशात अडकतो, म्हणायची. आम्हा मुलींवर तिने कधी एवढी दया केल्याचं स्मरत नाही, पण पाखरांच्या बाबतीत बाई चोख होती. चिमण्यांशी दोन शब्द बोलते, वर्तमानपत्र उघडते. मग आत चहा ठेवायचा आणि कुत्र्याला अंगणात सोडायचं, की दिवस बिघडायला सुरुवात.

९ मार्च

आंघोळ. फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. दहा मिनिटं ओल्या कुत्र्याला न्हाणीघरात उभं कसं ठेवायचं हे बाटलीवर लिहिलेलं नाही. धाकटा त्याला धरून "हो रे राजा, झालं हं राजा" करत होता आणि राजा दोघांच्या अंगावर शिंतोडे उडवत होता. शेवटी मी ताठ उभी राहून शाळेची सकाळची प्रार्थना म्हणायला लागले, सिस्टर म्हणायच्या त्याच आवाजात. कुत्रा खांबासारखा उभा राहिला. संपली की पुन्हा पहिल्यापासून. धाकटाही ताठ उभा राहिला होता, हे नंतर लक्षात आलं.

१८ मार्च

सुधारणा आहे. कान फिका पडला, झोप लागते त्याला. मासेवाली म्हणते, "बाई, घरच्यांसाठी कधी एवढा निवडून घेतला नाहीत!" तिला म्हटलं, घरच्यांना अजून पुरळ उठलेलं नाही.

१ एप्रिल

गोळ्या संपून दहाबारा दिवस झाले आणि सगळं जैसे थे. कान लाल, पंजे तोंडात. सतरंजीचा कोपरा भिजेपर्यंत चाटत बसतो. आठ आठवड्यांतले जवळजवळ चार वाया.

मी तीस वर्षं पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळला. तिथे एक गोष्ट शिकले. जो ग्राहक शपथेवर सांगतो की आपण पंख्याला हातसुद्धा लावलेला नाही, त्यानेच तो उघडलेला असतो. धाकट्याला समोर बसवलं.

"काय देतोस त्याला?"

"काही नाही, ताई."

"आठव."

"काहीच देत नाही. शपथ."

झालं! शपथ म्हटलं की माझी खात्री पटली.

२ एप्रिल

पुरावा मिळाला. धाकटा बाहेर गेला होता तेव्हा त्याची खोली झाडायला घेतली. दारामागे भावजयीचा कोट अडकवलेला आहे, तिने शेवटी घातला तसाच. उजव्या खिशात बिस्किटांचा पुडा, अर्धा खाल्लेला, वरून रबर लावलेलं. कुत्र्याचीच बिस्किटं! पुडा उचलला आणि थेट कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. खिसाही उलटा करून झटकला. चुऱ्याबरोबर एक गुंडाळलेली दोऱ्याची रीळ निघाली, ती ठेवली परत.

तो आल्यावर सांगितलं. वाटलं होतं, आता कबूल करेल. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "ती फिरायला नेताना खिशात ठेवायची."

"ठेवायची ना? मग तू काढून देत होतास."

"मी त्याला हात लावला नव्हता ताई."

पुन्हा तेच. जेवला नाही. एका शिळ्या पुड्यासाठी एवढं तोंड पाडायचं? बटणही त्या कोटाखाली जाऊन बसला. दोघांनी मिळून मला खलनायक करायचं ठरवलेलं दिसतं.

४ एप्रिल

नवी तऱ्हा. मी सकाळी आत येऊन चहा ठेवते न ठेवते, तोच हा माणूस खराटा घेऊन मागच्या अंगणात. कट्ट्यासकट सगळं झाडून काढतो आणि मगच बटणला दार उघडतो. मी कालच झाडलं होतं! विचारलं, "माझ्या झाडण्यात काय खोट दिसली?"

"काही नाही. व्यायाम होतो."

व्यायाम! हे टोमणे आहेत, न कळायला मी काही लहान नाही. मी त्याच्या खोलीत झाडू फिरवला, म्हणून आता हा माझ्या अंगणात फिरवणार. त्यात झाडतोही वाईट. कोपरे तसेच.

११ एप्रिल

आजही झाडलं. चिमण्या उडून जातात, पोटभर खातही नाहीत बिचाऱ्या.

२० एप्रिल

कान साफ. बोटांच्या मधली कातडी भरून आली आहे, पोटावर बारीक मऊ केस उगवलेत. मी आता त्याला उताणा करून रोज तपासते. तो पाय वर करून स्वतःच उताणा होतो, लाज म्हणून नाही.

डॉक्टर पोरगी खूश झाली. "काय केलंत वेगळं?"

मी सांगितलं, घरातला चोर पकडला. धाकटा टेबलाच्या कडेवरचा खिळा निरखून बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुमच्यासारखं माणूस प्रत्येक घरात पाहिजे." मीही तेच म्हणते. आजी सोडून.

आठ आठवडे आजपासून पुन्हा मोजायचे म्हणाली. मे संपून जूनमध्ये जातील. धाकटा वाटेत म्हणाला, "तू मे म्हणाली होतीस." मी म्हटलं, "बघू." त्याने मान हलवली. या माणसाला 'बघू'चा अर्थही समजावून सांगावा लागणार की काय?

६ मे

धाकटा भाच्याकडे गेला, पाचसहा दिवसांसाठी. आधी काही बोलणं नाही, काल एकदम, "जरा जाऊन येतो, बटणला बघशील ना?" मी म्हटलं, आजवर दुसरं काय करतेय? जाताना भावजयीच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी खिशात टाकून गेला. कोंबड्यांना कपडे शिवणार आहे बहुतेक.

बटणला मासा रताळं मीच देते. खाऊन झाल्यावर तो दाराशी जाऊन बसतो आणि रस्ता बघतो. "येईल रे," म्हटलं. नंतर लक्षात आलं की मी कुत्र्याशी बोलतेय. घरात कोणी नव्हतं, ते बरं.

९ मे

सकाळपासून डावा पंजा चाटतोय. माती लागली असेल. धुऊन पुसला.

११ मे

कान लाल. उजवा जास्त. काखेत चट्टा. मी स्वतः शिजवते, स्वतः वाढते, ताटली स्वतः घासते. भावजयीचा कोट मी मागेच पेटीत घातला, तो तिथेच बंद आहे. मासेवालीकडे जाऊन मासा तोच आहे ना, म्हणून भांडून आले. तोच आहे. रताळं तेच. डॉक्टरला फोन केला. तिने विचारलं, "घरात दुसरं कोण कोण आहे?"

"कोणी नाही. मी आहे फक्त."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये जे होतं ते मला आवडलं नाही.

"मी काहीही दिलेलं नाही," मी म्हटलं. "शपथ."

फोन ठेवला, आणि तसाच हात ठेवून उभी राहिले. कारण ते वाक्य मी तीस वर्षं ऐकलेलं आहे.

१२ मे

आज चहा ठेवला नाही. चिमण्यांना पाव घातला, बटणला सोडलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिले, बाईला शोभणार नाही अशी.

तो रमतगमत गेला. अंगणाला एक फेरी मारली, झाडाशी पाय वर केला. मग पुढचे दोन पाय कट्ट्यावर ठेवले. चिमण्या उडाल्या. साहेबांनी दुधातला पाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटून घेतला. खाली पडलेले तुकडे वेचले. मग कट्ट्याची फट जिभेने साफ केली. कोपरेसुद्धा! धाकट्यापेक्षा चांगले.

म्हणजे डिसेंबरपासून रोज. हे आले तेव्हापासून रोज सकाळी, माझ्या हातचं.

मागच्या दाराशी खराटा टेकवून ठेवलेला आहे. धाकट्याने जाताना ठेवला तिथेच. तो मी बघितला आणि तिथेच पायरीवर बसले. बटण येऊन शेजारी बसला. त्याच्या मिशांना पाव लागला होता. तो पदराने पुसला.

व्यायाम, म्हणे.

चिमण्यांचा कट्टा गरम पाण्याने घासला.

१३ मे

धाकटा दुपारी आला. बटणने असा काही धिंगाणा घातला की दोन मिनिटं बोलताच आलं नाही. मग मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

त्याने बटणचा कान उलटून बघितला. तेवढ्यावरूनच त्याला कळलं काय ते. "हं."

"कधीपासून?"

"तू पुडा फेकलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. खिडकीतून दिसलं."

"मग तोंडात काय गूळ होता का तुझ्या? मी तुला चोर म्हटलं. डॉक्टरसमोर म्हटलं!"

"सांगायला आलो होतो. तू त्या चिमण्यांशी बोलत होतीस." त्याने बटणचा पंजा उचलून बघितला. "आम्ही आलो आणि तुझी बैठक गेली, सतरंजी गेली, भिंत गेली. म्हटलं, आता हेही बंद करायला सांगू? झाडलं की भागत होतं."

"आणि गेलास तो खराटा कोणाच्या भरवशावर ठेवून?"

"मला वाटलं, दाराशी ठेवला की तू सवयीने झाडशील. मी झाडलेलं तुला कधी पटलंय?"

खरं तर मी झाडणारच होते. पण ह्याच्यावरचा राग म्हणून त्या खराट्याला हात लावला नव्हता, मुद्दाम.

मग तो म्हणाला, "असू दे. मी तिकडची खोली बघून आलो. मागच्या बाजूची आहे, माझी खाट बसते, मोजली. बटणला दारात जागा आहे, बांधावं लागणार नाही. महिनाअखेर जाऊ."

"जाऊ म्हणजे?"

"आम्ही दोघं."

"मी फक्त कुत्र्याबद्दल बोलले होते!"

"हो ना," तो अगदी शांतपणे म्हणाला, "पण तो माझ्याशिवाय झोपत नाही."

डोळे बारीक करून बघत होता. यावेळी नंबर अचूक निघाला असावा, कारण मला त्याच्याकडे बघता येईना. मी उठून रताळी उकडायला ठेवली. पाठ करूनच सांगितलं, "पथ्य अर्धवट सोडून कुठेही जायचं नाही. आठ आठवडे परत पहिल्यापासून आहेत. आणि त्या कोंबड्यांच्या वासात कुत्र्याची कातडी कशी सुधारणार? जरा डोकं चालवत जा."

"मग जुलैमध्ये?"

"जुलैमधलं मी तुला विचारलंय का काही?"

मागून आवाज आला, "बरं."

१६ मे

पोरगी डॉक्टर हसली नाही, हे तिचं भाग्य. दूधच असणार म्हणाली, बहुतेक. पथ्य पूर्ण झाल्यावर एकेक पदार्थ थोडा थोडा देऊन खात्री करता येईल. भावजय इतकी वर्षं गव्हाची बिस्किटं देत होती, त्यांनी काही झालं नव्हतं, असं धाकट्याने सांगितलं. "मग ती चालतील पुढे," ती म्हणाली. मी माझ्या पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.

येताना तीन दुकानं पालथी घातली तेव्हा तोच पुडा मिळाला. पेटीतून कोट काढला, दारामागे होता तिथे अडकवला आणि पुडा उजव्या खिशात ठेवला. मी रबर लावायचं म्हणून लावलं. मग वाटलं, न फोडलेल्या पुड्याला रबर कशाला? काढलं. मग परत लावलं.

तो पुडा तो नाही. मला कळतं ते.

धाकटा खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. जेवायला मात्र बसला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

२ जून

कान फिके, पंजे कोरडे. एक सुटकेस रिकामी झालेली दिसली. धाकट्याने विचारलं, "ही कुठे ठेवू?" म्हटलं, माळ्यावर, अगदी मागे, मधे यायला नको.

चिमण्यांसाठी उंच फांदीला ताटली टांगली आहे. दूध बंद, पाव बंद, नुसते दाणे. पहिल्या दिवशी त्यांनी दाणे उडवून खाली टाकले आणि माझ्याकडे बघून जो काही आरडाओरडा केला, तो तक्रार विभागातसुद्धा ऐकला नव्हता. त्यांना सांगितलं, या घरात सगळ्यांनाच पथ्य आहे.

धाकटा आजही सकाळी मागचं अंगण झाडत होता. आता झाडायला काही नाही, तरी. बटण त्याच्या मागे मागे. कोपरे तसेच राहतात, पानं या बाजूची त्या बाजूला जातात, एवढंच. खिडकीतून बघत होते. नीट झाडत नाही.

पण काही बोलले नाही.